एक ट्यूब, तीन चेहरे

वाचकाचं पत्र:

डॉक्टर मॅडम, आम्ही बार्शीत राहतो. मी 33 वर्षांची, दोन मुलं, धाकटा अकरा महिन्यांचा, अजून अंगावर पितो. त्याच्या वेळी माझ्या गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले ते गेलेच नाहीत. माझी सख्खी बहीण 26 वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. तिच्याकडे बाटल्यांची रांग आहे, तरी चेहरा लाल आणि सारखा चुरचुरतो. नणंदेची मुलगी 19 वर्षांची, कॉलेजसाठी आमच्याकडेच असते, तिला कपाळभर मुरूम. श्रावणात मेडिकलवाल्याने मला एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत वांग फिके पडले. ते बघून भाचीने महिनाभर तीच लावली, दिवाळीला आलेल्या बहिणीनेही आठ दिवस लावून बघितली. आता मी एक दिवस जरी चुकवला तरी चेहरा तापतो, हनुवटीवर लव पण आली आहे. ट्यूबवरचं सगळं वाचून सोबत लिहिलंय. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिराचं लग्न आहे. तिघींना वयाप्रमाणे सकाळी-रात्री काय लावायचं याचा तक्ता करून द्याल का? सासूबाई म्हणतात, बेसन, हळद आणि लिंबू पुरे. – थोरली, बार्शी

थोरल्या ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मधेच कुठेतरी टाकून पुढे निघून गेलात. ‘एक दिवस चुकवला तरी चेहरा तापतो.’ मी तिथेच थांबले. तक्ता, लग्न, वय हे सगळं त्याच्यानंतर.

ट्यूबचं नाव मी छापत नाही, पण तुम्ही उतरवून पाठवलेले घटक सगळ्यांनी वाचावेत असे आहेत: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. या तिघांची मोट बांधण्याची कल्पना जुनी आहे. 1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी असंच तिहेरी मिश्रण मांडलं. एक औषध रंगद्रव्य तयार होणं रोखतं, दुसरं त्वचेचा वरचा थर लवकर बदलायला लावतं आणि तिसरं, म्हणजे स्टेरॉइड, पहिल्या दोघांमुळे होणारी आग शमवतं. औषध वाईट नाही. वांगासाठी मीही ते लिहून देते, पण मोजक्या आठवड्यांसाठी, आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख कागदावर लिहून. तुम्ही ते श्रावणापासून पौषापर्यंत लावलंत. पाच महिने, रोज, तेही एका दुकानदाराच्या शब्दावर.

पहिल्या पंधरा दिवसांत जी जादू दिसली ती बरीचशी त्या मोमेटासोनची. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, चेहरा एकदम नितळ आणि उजळ दिसतो. मग ती सवय होते. आतून त्वचा पातळ होत जाते, गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. ट्यूब बंद केली की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल होतात आणि चेहरा उन्हात ठेवलेल्या पत्र्यासारखा तापतो. बाई घाबरते, पुन्हा लावते, गार वाटतं, आणि तिला वाटतं की ट्यूबच आपल्याला वाचवते आहे. भारतात हे इतकं दिसतं की आमच्या लोकांनी त्याला वेगळं नावच दिलंय: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. माझ्या ओपीडीत या तक्रारीसाठी येणाऱ्या बायका बहुतेक 20 ते 35 मधल्याच असतात. लग्न ठरलेली, नुकती बाळंतीण, पहिल्या नोकरीला लागलेली. आणि बहुतेकींच्या पर्समधून निघते ती अर्धी पिळलेली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली ट्यूब.

2018 साली केंद्र सरकारने असली स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तुमच्या ट्यूबवर ‘आरएक्स’ अशी खूण असेल, बघा. नियम कागदावर आहे, दुकानातलं तुम्ही जाणताच. तेव्हा कुठल्याही चेहऱ्याच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, फ्लुओसिनोलोन किंवा क्लोबेटासॉल यांपैकी एक जरी शब्द दिसला, तर ती खाली ठेवा. शेवटी ‘सोन’ असलं म्हणून ते सोनं होत नाही.

आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नसतात, पार्लरवाली ‘बाहेरून मागवलीय’ म्हणून देते, ती याहून वाईट. अशा काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. केरळात मलप्पुरमकडे 2023 मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारपूस केली आणि धागा अशा क्रीमपर्यंत पोचला. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यावरच राहतं हा आपला एक गोड गैरसमज आहे.

आता तुम्ही काय करायचं. पाच महिने रोज लावलेली ट्यूब आज रागाने कचऱ्यात टाकू नका आणि उद्यापासून मुकाट्याने लावतही राहू नका. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बार्शीत सोय नसेल तर सोलापूरच्या सिव्हिलला त्वचारोग विभाग आहे, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. पाटीवर त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल आहे का बघा. ‘स्किन अँड हेअर क्लिनिक’ ही पदवी नव्हे. ट्यूब सोबत न्या. कधीपासून, दिवसातून किती वेळा, हे खरं सांगा. लाजू नका, आम्ही रोज ऐकतो. ते स्टेरॉइड हळूहळू कमी करतील किंवा त्याजागी दुसरं औषध देतील. तरीही पुढचे काही आठवडे चेहरा लाल होईल, आग होईल, पुटकुळ्या येतील. ते दिवस वाईट असतात. त्या दिवसांत बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, गार पाण्यात पिळलेलं मऊ फडकं आणि सौम्य फेसवॉश, बास. जावेने सुचवलेलं कोरफडीचं पानसुद्धा नको.

अजून एक. बाळ अंगावर पितं, म्हणजे दिवसातून दहा वेळा त्याचा गाल तुमच्या गालाला घासतो. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्यापैकी शोषलं जातं, म्हणून गरोदरपणात आणि पाजताना आम्ही ते टाळतो, ट्रेटिनॉइनही. दुकानदाराने ‘बाळ किती महिन्यांचं?’ एवढं तरी विचारायला हवं होतं.

मूळ दुखणं राहिलंच, वांग. मला स्वतःला दुसऱ्या बाळंतपणानंतर वांग आले होते, आणि त्वचेची डॉक्टर असूनही सहा महिने मी आरशाशी भांडत होते, म्हणून हे सरळच सांगते: वांग पुसून टाकता येत नाही, आटोक्यात ठेवता येतो. गरोदरपणातली संप्रेरकं, घराण्यातला वारसा, ऊन आणि उष्णता यांचा तो मेळ असतो. काही जणींना गर्भनिरोधक गोळ्यांनी येतो. तुम्ही त्या घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तो फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही वाढतो. साधी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी रंग असलेली, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेली सनस्क्रीन लागते. घटकांच्या यादीत तेवढं नाव शोधा. गच्चीवर पापड-कुरडया घालायला जाताना पदर कपाळावर ओढणं ही मात्र फुकटची आणि उत्तम सनस्क्रीन आहे. भाकऱ्या थापून भाजताना तोंडावर येणारी धगही वांगाला मानवत नाही. लग्नघरात ते काम कुणा बिनवांगाच्या माणसाकडे जाऊ द्या. दिरालाच बसवा, नवरा मुलगा म्हणून काय झालं.

चेहरा शांत झाल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, अझेलेइक अॅसिडबद्दल डॉक्टरांना विचारा. गहू-बार्लीसारख्या धान्यांतही सापडणारं हे आम्ल. वांगावर आणि मुरमांवर दोन्हींवर चालतं, पाजणाऱ्या आईलाही देता येतं. कामाला मात्र संथ आहे. लग्नाच्या फोटोत वांग दिसतील, त्याला कन्सीलर आहे. फोटोसाठी पुन्हा ती ट्यूब नको.

आता भाची. तिचा प्रश्न तुमच्यापेक्षा सोपा, पण घाई तिलाच जास्त असणार. 19 व्या वर्षी मुरूम येणं हा आजारही नाही आणि अस्वच्छपणाही नाही. वयात येताना तेलग्रंथी जाग्या होतात, छिद्रांची तोंडं मेलेल्या पेशींनी बुजतात, आत जंतू वाढतात, सूज येते. हे बऱ्याच जणींचं पंचविशीपर्यंत चालतं. दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुऊन ते जात नाही, उलट त्वचा कोरडी पडून चिडते. पण ‘कपाळभर’ हा तुमचा शब्द मला खटकला. फक्त कपाळावरच मुरूम असतील तर मी आधी दोन गोष्टी विचारते: केसांना तेल किती वेळा, आणि गाडीवर स्कार्फ बांधतेस का? रात्री चपचपीत तेल लावून झोपायचं, सकाळी तेच तेल केसांच्या कडेवरून कपाळावर, वर घाम, वर घट्ट बांधलेला आणि आठ-आठ दिवस न धुतलेला स्कार्फ. तेल न्हायच्या आधी तासभर लावा, स्कार्फ रोज बदला, उशीचा अभ्राही. अर्धं काम तिथेच होईल.

महिनाभर स्टेरॉइड लावल्यामुळे काही मुरूम त्या ट्यूबनेच आणलेले असू शकतात. ते ओळखू येतात: सगळे एकाच आकाराचे, एकाच वेळी पिकलेले, मोहरी पेरल्यासारखे. तिची ट्यूब बंदच आहे ना, याची खात्री करा. मुली लपवून लावतात. तुमच्याबरोबर तिलाही सोलापूरला न्या. तिला बहुधा रात्रीसाठी अडॅपलीन 0.1 टक्के आणि सकाळसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के देतील. दुकानात मुरमांसाठी नुसतं क्लिंडामायसिनचं जेल देण्याची रीत आहे. एकटं अँटिबायोटिक महिनोन् महिने लावलं की जंतूच त्याला दाद देईनासे होतात.

अडॅपलीन लावायची पद्धत घरात कुणीच नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. तोंड धुऊन टिपा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा, ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. बोटावर एका मटाराच्या दाण्याएवढं घ्या. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके ठेवा आणि पातळ पसरवा. फक्त मुरमावर नाही, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर. डोळ्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांपासून दूर. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात ती रडत येईल की वाढलेच. वाढतात. बाराव्या आठवड्याआधी निकाल लावायचा नाही. लग्नाला साडेतीन महिने आहेत, म्हणजे आज सुरू केलं तर मुहूर्त साधतो. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, ते लावून आईचा चांगला टॉवेल वापरला तर जे होईल ते मुरमांमुळे नसेल.

फोडू नको म्हणावं. मुरूम आठवड्यात जातो, नखाने केलेला काळा डाग आपल्या त्वचेत सहा-सहा महिने राहतो. आणि पाळी दोन-दोन महिने चुकत असेल, जबड्याच्या कडेने खोल दुखरे मुरूम येत असतील, हनुवटीवर जाड केस असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. तिथे नुसत्या मलमाने भागत नाही.

तुमच्या बहिणीचं खरं तर मला हसूच आलं, रागावू नका. तुम्ही तिच्या बाटल्यांची नावंही पाठवलीत: व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड 10 टक्के, रेटिनॉल, ग्लायकोलिक टोनर, सॅलिसिलिक फेसवॉश आणि रविवारी लाल रंगाचं ते सोलून काढणारं पील. यातली एकेक वस्तू बरी आहे. सगळ्या एकत्र म्हणजे एकाच भिंतीला सहा गवंडी लावण्यासारखं, त्यातले चार जण भिंत खरवडतायत. त्वचेचा वरचा थर म्हणजे विटा आणि गारा असंच समजा. मेलेल्या पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं हा मधला गारा. आम्लांनी आणि रेटिनॉलने तो गारा धुपला की नळाचं पाणीसुद्धा झोंबतं. तिचं ‘सेन्सिटिव्ह स्किन’ जन्मजात नाही, तिने ते हप्त्याहप्त्याने विकत घेतलंय. आठ दिवसांच्या ट्यूबपेक्षा याचाच वाटा मोठा.

चार आठवडे सगळ्या बाटल्या पिशवीत बांधून माळ्यावर. वरचा थर नवा व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. सकाळी पाण्याने तोंड धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर. चुरचुर थांबली की एकच बाटली खाली आणायची, तीही एक दिवसाआड. कोणती, ते तिने ठरवावं. मला विचारलं तर रेटिनॉल, कारण विशीच्या मध्यापासून कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, वर्षाला साधारण एक टक्का कमी होतं आणि त्यावर थोडंफार पटणारं काम याच, अ जीवनसत्त्वाच्या, गटातली औषधं करतात. फक्त लग्न होऊन दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हा रेटिनॉल, अडॅपलीन, ट्रेटिनॉइन सगळं आधीच बंद करायचं. मुरमांसाठी पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइन असेल तर तिच्यावर असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस राहताच कामा नयेत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

सनस्क्रीनबद्दल तिचा 50 की 70 असा घोळ तुम्ही लिहिलाय. एसपीएफ 30 ची सनस्क्रीन युव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं, 97 टक्क्यांच्या आसपास अडवते आणि 50 ची 98 टक्के. 50 आणि 70 मधलं भांडण तर एका टक्क्याहूनही कमी फरकाचं आहे. खरी गोम मापात आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून बुडापर्यंत एकेक रेघ, एवढी तोंडाला आणि मानेला लागते. बहुतेक जणी त्याच्या पाव ते निम्मा भागच लावतात. ती ऑफिसात काचेच्या भिंतीशी बसत असेल तर काच युव्हीबी अडवते, त्वचेत खोल जाणारी युव्हीए किरणं मात्र आत येऊ देते. तेव्हा बाटलीवर पीए (युव्हीएपासूनचं संरक्षण) आणि त्यापुढची अधिकची चिन्हंही बघायची.

बहिणीची मान काळी पडलीय आणि घासून जात नाही असंही तुम्ही जाता जाता लिहिलंत. घासणं आधी थांबवा. मखमलीसारखी जाड, काळपट मान हा मळ नसतो, बऱ्याचदा इन्सुलिन नीट लागू न पडण्याची ती खूण असते. वजन वाढलेलं असेल, घरात मधुमेह असेल, तर एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. 26 व्या वर्षी मानेने दिलेली ही सूचना कुठल्याही सीरमपेक्षा मोलाची आहे. (काखेतही तसंच असेल, विचारा.)

तर वयाप्रमाणे तक्ता मी देत नाही, कारण तुमच्या तिघींच्या चेहऱ्यांत वयाने फारसं काही ठरवलेलं नाही. एकीचं तेल-स्कार्फने ठरवलं, एकीचं बाटल्यांनी, एकीचं बाळंतपणाने आणि त्या ट्यूबने. सामाईक ठेवायचंच असेल तर मॉइश्चरायझर ठेवा. औषधाची ट्यूब म्हणजे टूथब्रश, ज्याची त्याची.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बेसन बरोबर आहे, तेलकट चेहऱ्यावर हलक्या हाताने चालतं, फक्त तुम्हाला आणि बहिणीला सध्या तेही नको. लिंबाला माझा ठाम विरोध. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फारच आंबट, आणि त्यातली काही द्रव्यं उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी करतात, मागे काळे चट्टे ठेवतात. कॉलेजात असताना मी लिंबाची फोड साखरेत बुडवून नाकावर घासली होती, वर क्रिकेटचा सामना बघायला मैदानात बसले. तो चट्टा दिवाळीपर्यंत होता.

लग्नाच्या आठवड्यात नवं काहीही नाही, फेशियलही नाही. अडॅपलीन किंवा रेटिनॉल लावणाऱ्या दोघींनी थ्रेडिंग-वॅक्सच्या निदान आठवडाभर आधी ते बंद करायचं, नाहीतर अप्पर लिपबरोबर कातडीही निघते. ब्लीच कुणीच नाही. टिकलीच्या जागी खाज किंवा फिकट ठिपका दिसत असेल तर तो टिकलीच्या डिंकाचा प्रताप असू शकतो, जागा पांढरी पडते आणि रंग परत येईलच असं नाही. तिथे चिकटणारी टिकली बंद करा, आणि डॉक्टरांना दाखवताना तेही दाखवा.

हळदीच्या दिवशी मात्र लावू द्या हळद, घरच्या हळकुंडांची, दुधात कालवलेली. भाचीने पिकलेल्या मुरमांवर तेवढी टाळावी. तुम्ही चेहरा सोडून हातापायांना लावून घ्या, आणि दिराच्या तोंडाला दोन्ही हातांनी फासा. त्याने ती ट्यूब लावलेली नाही ना, तेवढं आधी विचारा. पुरुष सांगत नाहीत.